शेवटच्या पट्टीचा सूर

लोक पेटी घेऊन दुकानात येतात आणि म्हणतात, "हिचा घसा बसलाय." राजूरकडच्या एका भजनी मंडळाने तर घरीच औषधपाणी केलं होतं. आवाज खरखरतो म्हणून वाटीभर करडईचं तेल पट्ट्यांच्या फटींतून आत सोडलेलं. पेटी उघडली तर आतलं चामडं लोणच्याच्या फोडीसारखं मऊ झालं होतं. तात्या म्हणाले, "आता फोडनी तेवडी ऱ्हायली." पेटी आणणारा माणूस जराही न हसता म्हणाला, "तीबी दिली असती, पन म्हनलं इचारून करावं."

तात्या म्हणजे माझे वडील. आम्ही सुतार. तात्या तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर हिंडले, तिथे पेट्या उघडायला शिकले आणि मग नगरात कापड बाजाराच्या मागच्या बोळात दुकान घातलं. मी त्यांच्या हाताखाली काम करते त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. लग्नानंतर दोन वर्षांत मी माहेरी परत आले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेव्हा चुका असतील.

दुकानाच्या मागच्या भागात गोणपाटाचा पडदा आहे. मी त्याच्या आत बसते. गिऱ्हाइकांना वाटतं, सगळं तात्याच करतात. लाकूडकाम, भाता, चामडं, सरेस हे सगळं तात्यांचंच. सूर लावायचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण तात्यांचे कान जात चालले होते. कान जायला लागला की वरचे बारीक सूर आधी जातात. तात्या शेवटच्या पट्ट्या दाबायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की समजायचे, वाजली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेचा एक बोटभर तुकडा असतो. त्यावर पातळ जीभ बसवलेली असते. पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं, भात्याचा वारा जिभेवरून जातो, ती थरथरते आणि आवाज होतो. या पितळी तुकड्याला आम्ही सूरच म्हणतो. जिभेचं टोक कानशीने खरवडलं की आवाज चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. केसभर जास्त झालं तरी सूर हातचा गेला. खरवडलेलं पितळ पुन्हा भरून येत नाही. म्हणून हे काम भांडखोर माणसाला जमत नाही, असं तात्या म्हणायचे. मी कधी कोणाशी भांडले नाही. बोललेसुद्धा फारशी नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि सूर यायचे बंद झाले. चांगले सूर सगळे परदेशातून यायचे. मुंबईच्या व्यापाऱ्याने पहिल्या वर्षी लिहिलं, वाट पाहा. दुसऱ्या वर्षी त्याने पत्राला उत्तरच दिलं नाही. पितळही मिळेना. मग आमच्या दुकानात उसना सूर घ्यायची रीत पडली. एखादी पेटी महिनोन्‌महिने न्यायला कोणी येत नसेल, तर तिच्या अगदी कडेच्या पट्टीखालचा सूर काढायचा, थोडा खरवडून हव्या त्या जागी बसेल असा करायचा आणि अडलेल्या पेटीत घालायचा. कडेच्या पट्ट्या गाण्यात सहसा लागत नाहीत. पेटीवाल्याला वर्षानुवर्षं कळतही नाही. नवे सूर आले की ज्याचं त्याला परत घालायचं, असं ठरलेलं होतं. ही चोरी आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. आजही बाकीच्या पेट्यांबद्दल वाटत नाही.

त्याच सुमारास पारनेरच्या पलीकडच्या एका गावचा यशवंत नावाचा शेतकरी पेटी घेऊन आला. पलटणीत भरती झाला होता आणि चार दिवसांत निघणार होता. मी पडद्याच्या विणीतून बघितलं. उंच, सावळा, हात मात्र बाईमाणसासारखे निमुळते. भाता फाटला होता आणि तीन-चार पट्ट्या अडकत होत्या.

"सवडीनं करा, तात्या," तो म्हणाला. "सुट्टीवर आलो की नेतो. पन समद्या पट्ट्या वाजल्या पायजेत. पार कडंची बी."

तात्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते हसले. "अरे, कडंची कोन वाजिवतंय?"

"वाजिवनारा हाय की," यशवंत म्हणाला आणि लाजल्यासारखा खाली बघून टोपी नीट करायला लागला.

मला हे सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. मी पेटी महिन्याभरात दुरुस्त केली आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवली. यशवंत सुट्टीवर आला नाही. पलटण समुद्रापलीकडे गेली, असं त्याच्या गावच्या माणसाकडून समजलं. एक वर्ष गेलं, दुसरं लागलं.

आमच्याकडे सुंदराबाई नावाच्या एक शिक्षिका यायच्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. ख्रिस्ती होत्या, एकट्या राहायच्या, मोठ्याने हसायच्या. एकदा त्या विचारल्याशिवाय पडदा बाजूला करून आत आल्या आणि मला कानस घेऊन बसलेली बघितली.

"म्हणजे ही पेटी तू लावतेस?" त्या म्हणाल्या. "आणि कौतुक मी म्हाताऱ्याचं करतेय दोन वर्षं!"

तोपर्यंत माझ्या कामाला कोणी बरं म्हटलं नव्हतं, कारण ते माझं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

त्यांच्या शाळेचं संमेलन दोन दिवसांवर असताना त्यांच्या पेटीतल्या एका सुराची जीभ तुटली. वरच्या सप्तकातला, संमेलनाच्या गाण्यांत लागणारा सूर. तात्या म्हणाले, "बाईंना सांग, जमनार न्हाई." मी सांगितलं नाही. फळीवर चार पेट्या होत्या. त्यांतल्या तीन पेट्यांचे कडेचे सूर आधीच गेले होते. मी यशवंताची पेटी खाली घेतली, शेवटच्या पट्टीखालचा सूर काढला, वारा निसटू नये म्हणून भोक मेणाने बुजवलं आणि सूर बुडाशी खरवडून दोन पट्ट्या खाली उतरवला. फार सुंदर बसला. सुंदराबाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला.

कडेची पट्टीसुद्धा वाजली पाहिजे, हे यशवंताचे शब्द मला सूर काढताना आठवले होते. मी मनाशी म्हटलं, तो येईपर्यंत घालू.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी यशवंताचे वडील पेटी न्यायला आले. बरोबर सून होती. गावच्या भजनी मंडळाला पेटी हवी होती. म्हातारा बाहेर तात्यांशी बोलत बसला. तात्यांना ऐकू येत नाही म्हणून तो ओरडत होता आणि तो ओरडतोय म्हणून तात्याही ओरडत होते. सून पडद्याच्या आत माझ्याजवळ येऊन बसली. गोदा तिचं नाव. वीस-बावीस वर्षांची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांखाली काळं.

"ताई, ह्यांची पेटी ती हीच का?" तिने फळीकडे बोट केलं.

मी पेटी खाली काढून दिली. तिने फडकं सोडलं, झाकण उघडलं, पण पट्ट्यांना हात लावला नाही.

"लई राग यायचा मला हिचा," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर चार म्हैने मी ह्यांचा आवाज नीट ऐकला न्हवता. घर भरलेलं. सासूबाय, मामंजी, दोन दीर. त्यांच्याम्होरं कसं बोलायचं? हे सांजचं सोप्यात पेटी घिऊन बसायचे. मी चुलीपुढनं बगायची. त्वांड दिसायचं न्हाई, नुसती बोटं दिसायची. वासराच्या अंगावरनं फिरवावी तशी फिरायची, ताई. मला वाटायचं, काय पुन्य केलंया ह्या लाकडानं? सवत असती तर तिला शिव्या तरी दिल्या असत्या."

मला हसू आलं. "मग त्यांना बोललात का कधी?"

"बोलले की. हिरीवर गाठ पडली तवा. तर हसत सुटले. म्हनले, मंग त्यातली येक पट्टी तुजी. पार कडंची. गान्यात ती कुनी वाजवत न्हाई, तवा चुकायचं न्हाई. ती दोनदा वाजली की घागर घ्यायची आन हिरीवर यायचं." तिने पदर तोंडाला लावला. "सासूबाय म्हनायच्या, ह्या पोरीला पानी भरायची लई हौस हाय."

माझं हसू तिथेच थांबलं.

"सा म्हैने कागुद न्हवता," ती पुढे म्हणाली. "मागल्या आठवड्यात सरकारी आला. मास्तरनं वाचला. बेपत्ता म्हनं. म्हंजी हायेत का न्हाईत, ते सरकारला बी ठावं न्हाई. आज निघताना देवीम्होरं बोलून आले. ती पट्टी वाजली तर हायेत. मी वाट बघीन, कितीबी दिस. न्हाई वाजली तर..."

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, थांबा, तो सूर मी काढलाय. मी "त्या पट्टीचं जरा" इतकं बोलले. बाहेर दोघे म्हातारे ओरडतच होते. माझं बोलणं माझ्याच कानांवर धड पडलं नाही. तिने डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताचं बोट शेवटच्या पट्टीवर ठेवलं.

लाकडावर लाकूड आपटल्याचा बारीक आवाज आला. तिने पुन्हा दाबली. पुन्हा तेवढाच आवाज.

ती रडली नाही. झाकण लावलं, फडक्याच्या गाठी मारल्या. "बरं," म्हणाली. बाहेरून सासऱ्याने हाक मारली, "चल गं पोरी, मोटार जाईल." पेटी डोक्यावर घेऊन ती त्याच्या मागोमाग गेली. मी बसल्या जागेवरून उठले नाही. पारनेरच्या मोटारी सुटायच्या ती जागा आमच्या दुकानापासून फार लांब नाही. धावत गेले असते तर गाठ पडली असती. रस्त्यातून धावायचं, चारचौघांत हाक मारायची, हे मला त्या वेळी जमण्यासारखं वाटलं नाही. असं लिहायला सोपं आहे.

तीन आठवडे मी कोणाला काही बोलले नाही. मग त्या गावच्या भजनी मंडळाचा माणूस टाळ जोडायला आला. (आमच्याकडे टाळ जोडत नाहीत, पण लोक येतात.) बोलता बोलता त्याने तात्यांना सांगितलं, "आवो, यशवंताच्या बायकुचा पाट ठरलाय. सासराच लावून देतूया. पोटच्या लेकीवानी जपली तिला. मानूस बी चांगला हाय, बायकू गेलेला, तिसगावकडं शेती हाय. पोरगी आदी तयार न्हवती. आता आपनहून म्हनती, मला कळलंया ते न्हाईत म्हनून. कुनी सांगितलं ते सांगत न्हाई."

मी पडद्याआड होते. हातातली कानस खाली ठेवली आणि तात्यांना न सांगता सुंदराबाईंच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं, सूर परत मागितला. बाईंनी लगेच पेटी उघडली. मी सूर काढून हातात घेतला आणि मला हसू येईल की रडू, असं झालं. तो आता त्या पट्टीचा राहिलाच नव्हता. बुडाशी इतका पातळ झाला होता, की टोकाला खरवडून चढवायला गेले असते तर तुटला असता.

बाईंनी सूर माझ्याकडून घेऊन उजेडात धरला. मग म्हणाल्या, "सरू, इंग्रजीत एक फार जुनी कविता आहे. चौदाच ओळींची. ट्रेनिंगला असताना मडमेने शिकवायला घेतली आणि अर्ध्यात पुस्तक मिटलं."

"का?"

"ऐक तर. त्यात एक बाई पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य वाजवत बसली आहे. तिच्यावर जीव असलेला माणूस शेजारी उभा आहे. त्याला त्या पट्ट्यांचा मत्सर वाटतो. मी एवढा जवळ उभा, आणि बोटं मिळतात ती यांना."

"गोदाने सांगितलं ते हेच की हो. पण तिकडे पुरुषाला वाटतं?"

"माणसं सगळीकडे तीच गं. शेवटी तो म्हणतो, बरं, बोटं घेऊ देत त्यांना. मला आपलं..." पुढचं बाईंनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले.

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तो कवी निदान समोर उभा होता. हिचा माणूस कुठे आहे? सरू, माझं ऐक. तू जाऊ नकोस. पोरगी तरुण आहे, सासरा देवमाणूस दिसतो. पाट होतोय तर होऊ दे."

"पण तिने मनाशी बांधलंय ते खोटं आहे. सूर मी काढलाय."

"हो. आणि ते सांगून तू मोकळी होशील. ती?"

मी त्यांचं ऐकलं नाही. त्या वेळी मला वाटत होतं, मी खऱ्यासाठी चालले आहे. आता वाटतं, माझ्या छातीवरचा दगड मला सोसवत नव्हता.

नवा सूर कुठला आणायचा? दुकानात तात्यांची स्वतःची एक पेटी होती, तिच्यावर मी शिकले. तिचा शेवटचा सूर मागितला तेव्हा तात्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. "काढ," म्हणाले. "मला तो तसाबी दोन वर्सं ऐकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी आणि तात्या पारनेरला गेलो, तिथून बैलगाडीने पुढे. यशवंताचे वडील, आबा, अंगणात दोर वळत होते. आम्हांला बघून उठले, पाणी दिलं. तात्या नेहमीप्रमाणे ओरडून बोलायला लागणार, एवढ्यात मी बोलले. परक्या पुरुषाशी मी आपण होऊन बोलले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. सूर कसा काढला, का काढला, गोदाने पट्टी दाबली तेव्हा मी कशी गप्प राहिले, सगळं सांगितलं.

आबा खाली बसले. दोराचा पीळ त्यांच्या हातातून सुटत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी त्या पट्टीवर तिनं ठरिवलं?"

"हो."

"बाय," ते अगदी हळू म्हणाले, "माजा बी जीव हाय त्याच्यात. ल्योक हाय माजा. रोज मोटारीच्या टायमाला कान देतो मी. पन मी म्हातारा हाय, माजं सरत आलं. तिनं मन बांदलंया आता, लई मुस्किलीनं. तुमी सूर बसवा, जेवा आन जावा. तिला काय बी सांगू नगा. पाया पडतो."

मी हो म्हणणार होते. खरोखर म्हणणार होते. पण गोदा सोप्याच्या दारात उभी होती. कपाळ मोकळं होतं.

"काय म्हनलात ताई?" ती म्हणाली. "परत सांगा."

मी आबांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली. मी परत सांगितलं.

तिने मला घरात नेलं, पेटी काढून पुढे ठेवली. मी पेटी उघडली, मेण खरवडलं, सूर बसवला. साधा स्क्रू तीनदा हातातून पडला. ती शेजारी बसून प्रत्येक गोष्ट बघत होती. भोकातलं मेण तिने बोटावर घेऊन बघितलं, वास घेतला.

"वाजवा आता," ती म्हणाली. "पन आत्ता न्हाई. मी हिरीवर जाते. मंग वाजवा. दोनदा."

ती घागर घेऊन गेली. मी भाता मारला आणि पट्टी दाबली. एकदा, थांबून पुन्हा एकदा. सोप्यात तात्या बसले होते, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. आबांना आलं. त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. त्या पट्टीचा आवाज त्यांनी मुलाच्या हातून किती वेळा ऐकला असेल, आणि त्याचा अर्थ त्यांना आधीपासून ठाऊक होता की काय, हे मी कसं विचारणार?

गोदा भरलेली घागर घेऊन आली. ती उतरवून तिने पदराने हात पुसले. "आवाज जरा येगळा हाय," म्हणाली. "पन हिरीपातुर येतूया." मग सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "मामंजी, तिसगावला सांगावा धाडा. पाट नगं मला."

आबांनी आम्हांला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकरी वाढताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर तात्यांनी विचारलं, "झालं का काम?" मी मान हलवली.

पुढे लढाई संपली. कैदेत पडलेले कितीतरी शिपाई परत आले. पारनेरच्या मोटारीतून उतरणारा प्रत्येक पलटणवाला मी वर्षभर निरखून बघितला. यशवंत आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. तिसगावच्या माणसाने दुसरं लग्न केलं, त्याला आता दोन मुलं आहेत, असं ऐकते. परदेशी सूर पुन्हा यायला लागले. आम्ही घेतलेले बहुतेक सगळे उसने सूर ज्याचे त्याला परत घातले. तात्यांना त्याचा मोठा अभिमान. मलाही आहे, पण मी तो बोलून दाखवत नाही.

गोदा दरवर्षी पेटी घेऊन येते. भजनी मंडळाने दुसरी पेटी घेतली. हिच्या निम्म्या पट्ट्या उंदरांनी खाल्ल्या आहेत, भात्याला दोन भोकं आहेत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, सगळी नीट करून देते. ती म्हणाली, "बाकीच्या ऱ्हाऊ द्या. येवडी येकच बगा." मी भात्याची भोकं बुजवते, तो एक सूर पुसून लावून देते. ती तोवर पडद्याआत बसते, शेंगा आणलेल्या असतात त्या सोलते, गावच्या गोष्टी सांगते. सासू गेली. धाकट्या जावेला तिसरी मुलगी झाली. मी ऐकते.

या वर्षी ती आली तेव्हा शेंगा नव्हत्या. केसांत पांढरं दिसलं, अजून तिशी झालेली नसेल. पेटी माझ्यापुढे ठेवली. मी सूर काढून फुंकर मारत होते.

"ताई, येक इचारू? खरं सांगा, माज्या गळ्याची आन."

"विचारा."

"त्यो सूर तुमी खरंच काडला हुता का? का मला बरं वाटावं म्हनून ती गोष्ट केली? समदा गाव म्हनतो, नगरची बाय मायाळू हाय, तिनं पोरीचं कुक्कू राखावं म्हनून रचलं." ती थांबली. "माज्या भावानं येक जागा आनलीया. मानूस वयानं मोटा हाय, पन बरा हाय. आबा बी म्हनत्यात, आता तरी हो म्हन. त्यांचं डोळं गेलं, ताई. माजं व्हईपातुर मरायचं न्हाई म्हनत्यात. तुमी सांगाल तसं मी करीन. त्यो सूर आपोआप गेला हुता का?"

मला आठवतं, मी तोंड उघडलं तेव्हा "हो" म्हणायचंच ठरवलं होतं. ही सहा वर्षं कितीदा तरी मनात म्हणून बघितलं होतं. हो गोदा, मी रचलं होतं, सूर आपोआप गेला होता, तुला देवीने उत्तर दिलं होतं. एका शब्दाचं काम होतं आणि तेवढ्याने ती सुटली असती.

पण सूर माझ्या हातात होता. आणि मला एवढंच सुचलं, की माझ्या फळीवर असताना कोणाचाही सूर आपोआप गेलेला नाही, कधीच नाही. ते खरेपण होतं, की माझ्या कामाचा ताठा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मीच काढला होता," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. मला वाटलं होतं ती रडेल, पण तिला बरं वाटलं होतं. ते बघवत नव्हतं.

"मंग झालं तर," ती म्हणाली. "भावाला सांगते तसं. लावा लवकर, माजी मोटार हाय."

मी सूर बसवला. तिने पट्टी एकदा दाबून बघितली, मान हलवली आणि पेटी बांधून डोक्यावर घेतली. बाहेर तात्यांनी विचारलं, "काय गं पोरी, बरी हायेस ना?"

"बरी हाय, तात्या," ती ओरडून म्हणाली, त्यांना ऐकू जावं म्हणून. "पुढल्या वर्सी येते."